घरातच खेळता खेळता आज्ञा कशा शिकवाव्यात? बेने इस्राएल आईवडिलांचे नेहमीचे प्रश्न

दर मे महिन्यात मुंबई-ठाण्याची मुलं आजोळी अलिबागला येतात आणि त्यांच्या आया मला तेच तेच प्रश्न विचारतात. पूर्वी हे प्रश्न कुणी विचारत नव्हतं, कारण आळीत दहा घरं आपली, कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांची, असायची आणि मुलं बघून बघून शिकायची. २०११च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्रात मिळून यहुदी लोक अडीच हजारसुद्धा भरले नाहीत. बहुतेक मुलं वर्गात एकटीच यहुदी असतात. त्यामुळे आता जे काही व्हायचं ते घरातच व्हायला हवं. इतकी वर्षं मुलांबरोबर बसून मला जे समजलं ते इथे लिहिते आहे.

मूल किती वर्षांचं झालं की सुरुवात करावी?

बोलायला लागलं की. पाच वर्षांचं झालं की तोरा (मोशेचे पाच ग्रंथ) वाचायला घ्यावी आणि तेराव्या वर्षी आज्ञांची जबाबदारी यावी, असं आपल्या जाणत्यांनी लिहून ठेवलंय. मुलगी ती जबाबदारी बाराव्या वर्षीच घेते. म्हणजे त्याआधीच्या वर्षांत मुलावर कसलंही बंधन नाही. सवय लावणं हे आपलं काम. खेळाला एवढी मोठी मोकळीक असताना आपण लहानग्यांना परीक्षेला बसवल्यासारखं का वागवतो, ते मला कळत नाही.

तीन वर्षांच्या मुलाला आजोबांनी उचलून घ्यावं, दाराच्या उजव्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे शास्त्रवचनाचा लेख असलेल्या डबीला, हात लावू द्यावा, बोटं ओठांना लावायला सांगावीत. झाला पहिला धडा. पुढे ते मूल स्वतःच स्टूल ओढत आणतं.

आज्ञा ६१३ आहेत. एवढ्या कधी शिकवून होणार?

होणार नाहीत, आणि तशी गरजही नाही. ६१३मधल्या २४८ ‘कर’ म्हणणाऱ्या आणि ३६५ ‘करू नको’ म्हणणाऱ्या. पण यातल्या कितीतरी जेरुसलेमच्या मंदिराशी, तिथल्या याजकांशी, अर्पणांशी बांधलेल्या आहेत. ज्या घरात हाताने करता येतात तेवढ्याच घ्या. शेमाच्या पाठात, आपल्या रोजच्या मुख्य प्रार्थनेत, म्हटलंय की या गोष्टी मुलांच्या मनावर ठसव. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोल. त्यात वर्गाचा उल्लेख कुठेच नाही. ओटा, वाट, अंथरूण, एवढीच शाळा आहे.

माझी एकच कसोटी आहे. खेळ संपल्यावर मुलाच्या हातून काहीतरी झालेलं असावं. नुसतं पाठ झालेलं मला पुरत नाही.

आम्हाला हिब्रू धड येत नाही. मराठीतून शिकवलं तर चालेल ना?

निर्धास्त शिकवा. शेमा कोणत्याही भाषेत म्हणता येतो, हे मिश्नातच, जाणत्यांच्या नियमांच्या जुन्या ग्रंथातच, स्पष्ट सांगितलंय. आपल्याकडे तर ही जुनी वाट आहे. १८७४ साली पुण्यात मराठीसकट हग्गादा (पेसाखच्या, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) छापली गेली आणि तिच्या चित्रांत आपल्यासारख्या वेशातल्या बायका जमिनीवर बसून मात्झा (बिनखमिराची भाकरी) करताना दिसतात. १८८०च्या सुमाराला मुंबईत आपल्या लोकांनी कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं टाळ-पेटीच्या साथीने मराठीत रंगायची. म्हणजे धर्म रंजक करून सांगण्याचं काम आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनीच करून ठेवलंय.

आशीर्वचनं मात्र हिब्रूत, देवनागरीत लिहून, तोंडी बसवा. मुलांना ती गाण्यासारखी येतात.

दहा आज्ञा लक्षात राहण्यासाठी काय करावं?

हाताची बोटं. आज्ञा दगडाच्या दोन पाट्यांवर कोरलेल्या, म्हणून डाव्या हाताची पाच ती पहिली पाटी, उजव्या हाताची पाच ती दुसरी. पहिल्या पाटीवर परमेश्वर आणि आपण, दुसरीवर माणसं आणि आपण. पाचवी आज्ञा, आईवडिलांचा मान, ती पहिल्या पाटीवर का, हे मोठ्या मुलांना विचारा. फार सुंदर उत्तरं येतात. एक आठ वर्षांची मुलगी मला म्हणाली, “आजी, आई म्हणजे देव आणि माणूस दोघांच्या मधली असते.” मी तिला काहीच शिकवलं नव्हतं.

चौथ्या आज्ञेसाठी, म्हणजे शब्बाथच्या, शनिवारच्या विश्रांतीसाठी, आमचा ‘घाणा घाणा’ हा खेळ आहे. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि पुढे गावोगाव तेलाचे घाणे घालून राहिले, ही गोष्ट प्रत्येक घरात सांगितली जाते. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. खेळात एक मूल बैल होतं. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, मधोमध पाटावर दुसरं मूल तेली. बैल गोल फिरतो आणि बाकीची मुलं फेरी मोजतात: रविवार, सोमवार, मंगळवार... शनिवार आला की सगळ्यांनी “शब्बाथ!” म्हणायचं आणि बैलाने बसायचं. तेल्याने उठून रुमाल सोडायचा, पाणी पाजायचं. आज्ञेत ‘तुझा बैल’ असा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. आपल्या विश्रांतीत जनावराचाही वाटा आहे, हे मुलाला बैल झाल्यावर जसं कळतं तसं सांगून कळत नाही.

‘खून करू नको’, ‘व्यभिचार करू नको’ या आज्ञा पाच वर्षांच्या मुलाला कशा सांगाव्यात?

गाळू नका. मुलं मोजतात, आणि आठच निघाल्या की विचारतात.

व्यभिचाराची आज्ञा लहान मुलाला अशी सांगावी: आईबाबांनी लग्नात एकमेकांना शब्द दिला आणि तो शब्द मोडायचा नाही. तेवढं त्या वयाला खरंही आहे आणि पुरेसंही. खुनाच्या आज्ञेला मी जाणत्यांची एक शिकवण जोडते: चारचौघांत एखाद्याला लाजवणं हे त्याचं रक्त सांडण्यासारखं आहे, कारण त्याच्या चेहऱ्यावरची लाली जाऊन तो पांढराफटक पडतो. मुलांनी हा पांढरा चेहरा वर्गात पाहिलेला असतो. दोन मुलांनी प्रसंग करून दाखवावा, तिसऱ्याने येऊन त्या मुलाला सोडवावं. सोडवणाऱ्याची भूमिका सगळ्यांना आळीपाळीने मिळाली पाहिजे.

खाण्याचे नियम शिकवायला काही खेळ आहे का? आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद ताटावरून होतात.

आपण समुद्रकाठचे आहोत, त्यामुळे हा खेळ आपल्या हातात आयताच आहे. शिवाय तो आपल्या इतिहासातही आहे. बाहेरचा यहुदी दाविद राहाबी आपल्या लोकांमध्ये आला तेव्हा हे खरंच इस्राएलाचे लोक आहेत का हे पाहण्यासाठी त्याने बायकांना मिसळीची मासळी रांधायला दिली, आणि त्यांनी पंख व खवलं नसलेली, तोरात वर्ज्य असलेली मासळी बाजूला काढली, अशी कथा आहे. हिब्रू विसरलेले, तोरा जवळ नसलेले लोक, आणि तरी ही आज्ञा हातांत टिकली होती. मुलांना ही गोष्ट आधी सांगा आणि मग मासळी ओट्यावर घ्या.

आमच्याकडे असं चालतं. बाजारातून दोन-चार जातींची मासळी आणायची, धुवायच्या आधी परातीत ठेवायची. मुलाने अंगठ्याचं नख शेपटाकडून डोक्याकडे फिरवायचं. बोयटाची खवलं मोठी, लगेच उडतात. जिताड्याची तर टोपलीत पडलेली मोजता येतात. बांगड्यावर ती बारीक, पापलेटवर आणखी पातळ. धसमुसळेपणाने बघणाऱ्याला दिसतच नाहीत. मागच्या सुट्टीत सहा वर्षांचा एक मुलगा सुरमईवर बराच वेळ नख फिरवत बसला होता. “नाही हिला, नाही हिला,” म्हणता म्हणता त्याने अंगठा उजेडात धरला. नखाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढं चमचमीत काहीतरी चिकटलं होतं. तो अंगठा त्याने घरातल्या प्रत्येकाला दाखवला आणि जेवायला बसेपर्यंत धुऊ दिला नाही.

मोठ्या मुलांना यापुढचा नियम सांगावा. खवल कातडी न फाडता सुटलं पाहिजे. मुशीची कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते, पण तिच्यावरून काही सुटत नाही, म्हणून मुशी चालत नाही. शिंगाळा, वाम, पाकट, वाकटी यांना खवलंच नाहीत. कोळंबी, चिंबोरी, शेवंड, तिसऱ्या, कालवं, माकुल तर मासेच नव्हेत. ज्या माशाला खवल आहे त्याला पंख असतातच, हेही मिश्नात आहे. तेव्हा मुलाने फक्त खवल शोधावं.

कच्ची मासळी हाताळू द्यायची नसेल तर चित्रांचे पत्ते करा. पण खरं सांगते, पत्त्यांवर शिकलेली मुलं बाजारात गोंधळतात.

मांस आणि दूध वेगळं ठेवण्याचं?

भातुकली. दोन रंगांची ताटं-वाट्या घ्या, एक रंग मटणाचा, एक दुधाचा. पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि यजमानाने त्यांना चुकूनही मिसळून वाढायचं नाही. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ हे तोरात तीन वेळा येतं, आणि मुलांना करडू लगेच समजतं. कोकणातल्या मुलाने गोठ्यात करडू ढुशा देत पिताना पाहिलेलं असतं. आपल्या बायकांनी यावर केव्हाच तोड काढली आहे: मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध. भातुकलीत मुलांना विचारा, मटणासोबत ताक की सोलकढी? जो “सोलकढीत दूध आहे” म्हणेल त्याला नारळ दाखवा आणि खवायला बसवा.

शब्बाथला मुलं कंटाळतात. लिहायचं नाही, टीव्ही नाही, मग करायचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो मनाला लागतो. आठवड्यातला सगळ्यात गोड दिवस मुलांना ‘नाही’ या शब्दाने आठवावा, याहून वाईट काय असेल?

आधी शुक्रवारचं बघा. दिवा लावण्याआधी दानधर्माच्या मातीच्या गल्ल्यात प्रत्येक मुलाने एक नाणं टाकावं. काळ्या मनुका सकाळीच भिजत घालाव्यात आणि किद्दुशसाठी (शब्बाथच्या सुरुवातीच्या आशीर्वादाच्या पेल्यासाठी) त्या कुस्करून गाळायचं काम मुलांकडे द्यावं. हात जांभळे होतात, चाखण्यात निम्मं सरबत जातं, जाऊ द्या. दोन चपात्या झाकायला मुलांनी स्वतः रंगवलेला रुमाल असावा. दोन कशाला? मोशेच्या काळी रानात शुक्रवारी मान्ना, आकाशातून पडणारं अन्न, दुप्पट मिळत असे म्हणून. ही दुपटीची गोष्ट मुलांना भारी आवडते. अंधार पडायच्या आत, सूर्यास्ताआधी, दिवा लागला पाहिजे, त्यामुळे संध्याकाळी घरात जी धावपळ होते तीही एक शर्यतच असते. मुलांना तिच्यात सामील करून घ्या, बाजूला व्हा म्हणू नका.

शनिवारी तोंडाचे आणि अंगाचे खेळ चालतात. कोडी, गाण्यांच्या भेंड्या, त्या आठवड्याच्या पाराशातल्या (तोराच्या भागातल्या) गोष्टीचं सोंग. नोहाच्या तारवात कोणकोण शिरलं हे आवाज काढून ओळखायचं. लिहिणं, कापणं, चिकटवणं, किनाऱ्यावर वाळूचा किल्ला बांधणं हे रविवारसाठी ठेवावं. एकोणचाळीस प्रकारची कामं त्या दिवशी बाजूला ठेवायची असतात आणि बांधणं, लिहिणं त्यांत येतं.

मग हव्दाला, शब्बाथला निरोप देण्याचा विधी. आमच्याकडे मुलं यासाठी दिवसभर थांबतात. डोळे मिटून वास ओळखायचा: सब्जा, लवंग, वेलची, जायफळ, दालचिनी. त्याआधी आकाशात तीन तारे शोधायचे. ज्याला तिसरा दिसेल त्याने सगळ्यांना हाक मारायची. जून ते सप्टेंबर कोकणात तारे कुठले दिसायला! तेव्हा पंचांगातली वेळ आधीच बघून ठेवावी आणि घड्याळाजवळ एकाला पहाऱ्यावर बसवावं. मुलं पावसाळ्यात पहाराही तितक्याच उत्साहाने देतात.

आज्ञा पाळली की गुण, बक्षीस, चांदण्या द्याव्यात का?

देऊ नका. मी हे करून बसले आहे म्हणून सांगते. घरच्या नातवंडांसाठी मी एकदा भिंतीवर तक्ता लावला होता. आशीर्वचन म्हटलं की एक चांदणी, चुकलं की एक कमी. आठवड्याभरात घरात पोलीस तयार झाले. कोणी कुणाची चूक पकडली यावर चांदण्या मागू लागले. एक दिवस धाकट्याने जेवताना सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं की आजोबांनी मटणानंतर दुधाचा चहा घेतला. आजोबांचं लक्ष नव्हतं, वय झालं होतं. ते काही बोलले नाहीत, कप बाजूला ठेवून उठून गेले. त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आज्ञा शिकवण्याच्या नादात मी मुलाकडून पाचवी आज्ञा मोडवून घेतली होती. तक्ता त्याच रात्री काढला.

खेळात हार-जीत असू द्या, आज्ञेत नको. मासळी ओळखण्याची शर्यत लावता येते. कोण जास्त धार्मिक याची लावू नये.

शेजारची मुलं आमच्याकडे खेळायला येतात. त्यांना या खेळांत घ्यावं का? आणि ती कोळंबी का खातात असं आमचं मूल विचारतं तेव्हा?

अवश्य घ्या. आपल्या लोकांनी या गावांत शतकानुशतकं शेजारधर्म पाळला आणि शेजाऱ्यांनीही पाळला. आमच्या घाणा घाणामध्ये सगळ्यात चांगला बैल समोरच्या घरातला होतो.

कोळंबीचं उत्तर सरळ आहे. ही आज्ञा आपल्याला दिली आहे, त्यांना नाही. ते खातात त्यात त्यांची काही चूक नाही. मित्राच्या घरी वाढली तर “आमच्यात चालत नाही काकू, भात-आमटी द्या” असं हसून म्हणायला शिकवा, आणि ते वाक्य भातुकलीत आधी दहा वेळा म्हणवून घ्या. नाक मुरडायचं नाही, ही अट. नाक मुरडलं की डाव पुन्हा.

मोबाइलवरचे खेळ चालतील?

हिब्रू अक्षरं ओळखायला ठीक. बाकी आज्ञा हाताने करायच्या असतात.

वाळूवर, पाटीवर आज्ञा लिहायला दिल्या तर?

द्या, फक्त हिब्रू अक्षरांतलं परमेश्वराचं नाव लिहायला देऊ नका. ते पुसायचं किंवा तुडवायचं नसतं, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. मेझुझाचंही तसंच. वरची डबी मुलांनी शिंपल्यांची, नारळाच्या करवंटीची बनवावी, आतला लेख मात्र सोफेराच्या, म्हणजे शास्त्र लिहिणाऱ्या लेखकाच्या, हातचाच हवा.

सणांचे खेळ कोणते?

खेळ सणांतच भरलेले आहेत, वेगळे शोधायला लागत नाहीत. सेदेरच्या (पेसाखच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाच्या) आदल्या रात्री दिवा घेऊन घरभर खमीर शोधायचं असतं. पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून लपवा. कागद विसरू नका, आपल्याकडच्या मुंग्या मुलांच्या आधी शोधतात. आणि कुठे लपवले ते लिहून ठेवा, नाहीतर पेसाख निघून गेल्यावर कपाटामागे दहावा सापडतो. सेदेरला सगळ्यात धाकट्याने चार प्रश्न विचारायचे आणि लपवलेला मात्झा शोधायचा. मोठ्यांनी घाई करून हा भाग उरकू नये. जेवण गार होऊ द्या.

सुक्कोतला, म्हणजे मांडवांच्या सणाला, कोकणासारखी जागा नाही. चार बांबू आणि माडाच्या झावळ्या. छपरातून रात्री तारे दिसले पाहिजेत पण उन्हापेक्षा सावली जास्त हवी. हे जमवायला मुलं दोन दिवस सहज घालवतात, एकेक झावळी सरकवून खाली आडवी पडून बघतात.

दारफळणीच्या सणाला (योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस) लहान मुलांना उपास करायला लावू नये. नवव्या-दहाव्या वर्षापासून नाश्ता थोडा उशिरा, एवढ्याने सुरुवात करावी.

दुकानदारीचा खेळ चालतो का? आमची मुलं दिवसभर तेच खेळतात.

मग अर्धं काम झालेलंच आहे. ‘तराजू खरा, वजनं खरी’ अशी आज्ञा आहे, आणि पिशवीत दोन प्रकारची वजनं ठेवू नको अशीही. करवंट्यांची दोन मापं घ्या, एकाच्या बुडाशी थोडी माती थापून. गिऱ्हाइकाने ओळखायचं, कुठल्या मापाने फसवलं जातंय. मग दुकानदार बदलायचा. आपले लोक तेल विकत होते. मापात खोट असती तर गावाने त्यांना ठेवून घेतलं असतं का, असा प्रश्न मी मधेच सोडून देते.

मूल “का?” विचारतं आणि मला उत्तर येत नाही.

येत नाही म्हणून सांगा आणि सिनेगॉगमध्ये हझ्झानकाकांना (प्रार्थना म्हणवणाऱ्यांना) विचारायला दोघं मिळून जा. काही आज्ञांचं कारण तोरानेच सांगितलेलं नाही, खवलांचंही नाही. हग्गादातल्या चार मुलांमध्ये एकाला विचारताच येत नाही, आणि बापाला सांगितलंय की त्याच्यासाठी बोलायला तू सुरुवात कर. तुमचं मूल तर विचारतंय.

मलिद्याच्या (एलिया संदेष्ट्याच्या नावाने केलेल्या अर्पणाच्या) वेळी मुलांना काय काम द्यावं?

ताट लावायचं. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, आणि भोवती फळं. फळं लावताना त्यांनी दोन ढीग करावेत. झाडाच्या फळावर ‘बोरे पेरी हाएत्स’ हे आशीर्वचन, जमिनीच्या फळावर ‘बोरे पेरी हाअदामा’. आंबा, चिकू, खजूर, नारळ झाडाचे. केळं कुठे? बहुतेक मुलं झाडाच्या ढिगात टाकतात. मग त्यांना परसात नेऊन घड उतरवलेली केळ दाखवा: ती एकदाच घड देते आणि संपते, पुढच्या वर्षी मुळातून नवी येते, म्हणून ती जमिनीची. अननसही जमिनीचा. शहाळ्याचं पाणी या दोन्हीत नाही, त्याचं आशीर्वचन तिसरंच, ‘शेहाकोल’.

माघात अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) जागी मलिद्याला जाल तेव्हा मुलांना फळांची पिशवी वाटेतच लावायला द्या. पोचेपर्यंत गाडीत केळ्यावरून भांडण झालेलं असेल. मिटवायची घाई करू नका.